गुलाबरावांचं न ठरलेलं छत

गुलाबराव कुणाच्याही घरी गेले की आधी वर पाहतात, मग माणसांकडे. आमच्या नेरमध्ये एका मयतीच्या घरी सगळे माना खाली घालून बसले होते. हे टिनाकडे बघत मला हळूच म्हणाले, "आडवे पाइप दूर दूर टाकले, म्हणून टिन लवलं. पाइप वाचवला अन् टिन गमावलं." शेजारच्या म्हातारीला वाटलं, वरच्याशी काही बोलणं चाललंय. तिनंही वर पाहून हात जोडले.

हा निवृत्त बसकंडक्टर माझा शेजारी. बायको गेलेली, एकुलता मुलगा मंगेश पुण्यात. प्लॉटवर घराच्या भिंती कधीच्या उभ्या आणि वर आभाळ. स्वतः बाजूच्या एका खोलीत राहायचे. कारण छत कशाचं टाकायचं, हेच ठरत नव्हतं. कवेलू, म्हणजे कौलं, थंड, पण "लाकूड कोण पुरवन? अन् एक वानर नाचलं का सारे काढून फेरा पुन्हा." टिन स्वस्त, पण "उन्हाळ्यात माणूस पापडावानी भाजते." स्लॅब पक्का, पण लोखंड आणि सेंट्रिंग परवडत नाही. "छत वर असते भाऊ, बिल पायव्याले येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जड छत हवं तर खालचं सगळंच जाड करावं लागतं. पायवा मात्र त्यांनी कुठलंही छत पेलेल असा भरून ठेवला होता. म्हणजे सगळ्यात महागडा खर्च आधीच करून ते काटकसरीचा विचार करत बसले होते!

रविवारी सकाळी मंगेशचा फोन यायचा. गुलाबराव स्पीकर लावून अंगणात बसत.

"बाबा, टाका ना एकदाचा स्लॅब!"

"टाकतो ना. पण टिनाचं पाहून राह्यलो मी. दोन उतार का चार उतार, तू सांग."

"चार करा. दिसतं चांगलं."

"कोपरे किती वाढते? कापाकापीत अर्धं टिन वाया जाते!"

"मग दोन करा!"

"अन् दोन बाजूच्या तिकोनी भिंती वरपर्यंत कोण चढवन, तुहा सासरा?"

तासाभरानं मंगेश चिडून फोन ठेवी. गुलाबराव खुशीत म्हणत, "पोरगं तापट आहे," आणि पुढच्या रविवारसाठी नवा घोळ शोधायला सिमेंटच्या दुकानाकडे निघत. हे सगळं मी कुंपणापलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं. मला त्यात फक्त छत ऐकू आलं.

मी दुसऱ्याच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. एकदाच पडलो. मंगेशला परस्पर फोन करून म्हटलं, तू पैसे पाठव, मी उभा राहून स्लॅब टाकून घेतो. ठेकेदार आला तेव्हा गुलाबराव एवढंच म्हणाले, "काहून घाई करून राह्यले, साहेब?"

स्लॅबच्या दिवशी मजुरांची पुरी-भाजी-बुंदी झाली. गुलाबरावांच्या हातातली बुंदी तशीच राहिली. मी मंगेशला व्हिडिओवर स्लॅब दाखवला. "थँक्यू काका, सुटलो एकदाचा," तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

त्यानंतर रविवार नुसतेच येऊ लागले. गुलाबराव अंगणात फोन घेऊन बसत आणि ऊन आलं की उठत. मला कुंपणाकडची खिडकी उघडवेना. शेवटी मी मंगेशला खोटंच कळवलं, स्लॅब गळतोय. म्हटलं, भांडायला तरी फोन करेल. त्यानं वॉटरप्रूफिंगवाला धाडला. पैसेही चुकते केले.

तो माणूस वर जाऊन आला. "स्लॅब तर ठणठणीत आहे. कुठं गळून राह्यला?"

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"गळते बाप्पा," ते त्याला म्हणाले. "लाव त्याले फोन. म्हणाव, येऊन पाहून जाय."

त्यानं तिथंच फोन लावला. गुलाबराव खुर्ची ओढून जवळ सरकले. रिंग वाजत राहिली आणि पलीकडून कापली गेली.

"कामात असन," गुलाबराव म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मलाच समजावू लागले, "नका वाईट वाटून घेऊ, साहेब."