चारचा थेंब

आमच्या अंधेरीच्या चाळीत दुपारी चारचा भोंगा नव्हता. आप्पा खोत होते. बरोब्बर चारला ते खाटेवर मान मागे टाकून गर्जना करायचे, "थेंब!" आणि शेजारच्या बायका चहाचं आधण ठेवायच्या.

आप्पांना काचबिंदू होता. कुणी चुकून मोतीबिंदू म्हणालं की संपलंच. "मोती कापून निघतो रे मेल्या! काच जन्माची!" डोळ्यातलं प्रेशर वाढू नये म्हणून दिवसातून चार वेळा औषध. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली तेवढी राखा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या प्रेशरनं आप्पांनी चाळीला जेरीस आणलं. पोरं ओरडली, "माझं प्रेशर!" नळ गेला, "प्रेशर!" बुद्धिबळात राजा अडकला की पट उधळून, "प्रेशर!"

थेंब घालायचे ते त्यांच्या बायकोनं, माईंनी. पण दोघांत सात वर्षांचा अबोला! एकदा वर्सोव्याच्या कोळणीसमोर आप्पा बोलून गेले, "हिला मासळी कळत नाही." मालवणी बाईला याहून एखादी शिवी चालली असती. तेव्हापासून दोघं भिंतीला निरोप सांगायचे. मी शाळामास्तर, शाळा सकाळची, दुपारी घरीच. मग भिंतीची नोकरी मला लागली.

"मास्तर, सांगा त्यांना, मान वर करा."

"सांग रे तिला, हात थरथरतो म्हणून. नाहीतर माझा मी घातला असता!"

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचा हात म्हणे थरथरतो! थेंब पडताना ते असे अंग चोरायचे की तीन गालावर आणि एक डोळ्यात. माई पदरानं गाल पुसायच्या आणि पुन्हा घालायच्या.

एकदा लेक आजारी पडली म्हणून माई तीन आठवडे मालवणला गेल्या. थेंबाचं काम माझ्या गळ्यात आलं. पहिल्या दिवशी चारला गेलो, तर गर्जनाच नाही. दारातून बघतो तर आप्पांनी एका बोटानं पापणी खाली ओढली आणि थेंब सोडला. नेमका डोळ्यात. गाल कोरडा ठणठणीत.

"अहो आप्पा, तुम्हाला येतं की!"

ते दचकले. डोळे मिटूनच हळू म्हणाले, "ओरडू नको. येतं रे. पण मग ती जवळ कशाला येईल?"

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

"तिला सांगशील तर बघ," आप्पा म्हणाले. "प्रेशर वाढेल माझं."

माई परत आल्या त्या दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. औषधाची बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "मास्तर, मी असते तेव्हा ही आठ दिवसांत संपते. तीन आठवड्यांनी अजून तळाला औषध आहे?"

भिंतीला कुठं बोलता येतं?

माई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मासळी नसेल कळत मला. माणूस कळतो."

तेवढ्यात बाहेरून गर्जना झाली, "थेंब!"

माई लगबगीनं उठल्या. "सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, "आले म्हणावं."