शोध लागलाय, सर!

निपाणीच्या एका लग्नात भरमाण्णांनी भर पंगतीत पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आदल्या दिवशीचा शिळा भात स्वतःच्या हाताने पानात वाढून घेतला. वाढपी "भात, भात" करत वाफाळती परात घेऊन आला, तेव्हा त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"नको. मी माझा आणलाय."

वाढपी तसाच मागे वळला आणि थेट मुलीच्या बापाला घेऊन आला. मुलीचा बाप तंबाखूच्या वखारीतला दिवाणजी, मुळातच घाबरट माणूस. पाहुणा रुसला अशी समजूत होऊन त्याने हात जोडले. "अण्णा, काय चुकलं आमचं? मानपानात काय कमी पडलं का?"

"चुकलं काय न्हाय," भरमाण्णा म्हणाले. "शोध लागलाय. भात शिजवून रातभर गार केला की त्यातला स्टार्च बदलतोय. मग साखर एकदम चढत न्हाय. बसा, सांगतो."

लेकीची पाठवणी तोंडावर आलेली असताना तो माणूस पाच मिनिटं उभ्याने स्टार्च ऐकत राहिला. पंगतीतल्या दोन म्हाताऱ्यांनी "बघू घासभर" म्हणून हात पुढे केले. भरमाण्णांच्या शेजारच्या पानावर मी होतो. मी नवऱ्या मुलाकडचा आहे असा चेहरा करून जिलेबी खात राहिलो.

भरमाण्णा माझे शेजारी. बेळगावात वडगावच्या विणकर गल्लीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. चाळीसेक वर्षं त्यांनी घरातच चार पॉवरलूम चालवून साड्या विणल्या. मग एकेक माग बंद पडत गेला, मुलगा नोकरीला पुण्यात गेला, आणि अण्णांच्या हातात दोनच गोष्टी उरल्या : भरपूर वेळ आणि पेपर. पेपरात राजकारण असतं, खेळ असतो, राशिभविष्य असतं. त्यातलं काहीएक न वाचता हा माणूस फक्त विज्ञानाची बातमी शोधतो. आणि मी शहापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे जगातल्या समस्त शास्त्रज्ञांचा वडगावातला अधिकृत प्रतिनिधी मीच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

सकाळी मी दात घासत दारात उभा असलो की हाक येते, "सर, शोध लागलाय!"

तोंडात फेस असल्यामुळे मला नको म्हणता येत नाही.

"चांदावर पाणी हाय म्हणं."

मी मान हलवतो.

"तिकडं सापडलं. आपल्या गल्लीत कवा सापडणार?"

याचं उत्तर विज्ञानाकडे नसतं.

बातमी वाचून सोडून देणारे आपण वेगळे आणि भरमाण्णा वेगळे. ते वाचलेलं त्याच दिवशी अमलात आणतात. जास्त वेळ बसणं तब्येतीला वाईट, असं वाचलं त्या दिवशी कट्ट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांनी उभं केलं. मग खडेबाजारात केस कापायला गेले आणि खुर्चीत बसायला नकार दिला. न्हावी बुटका. शेवटी न्हावी स्टुलावर चढला आणि अण्णा आरशासमोर सावधान उभे राहिले. बाहेर बघ्यांची गर्दी झाली. एका बाजूचे कल्ले वर आणि एका बाजूचे खाली असे ते महिनाभर हिंडत होते. "पण कंबर दुखली न्हाय," असं सांगत होते.

आपल्या पोटात कोट्यवधी जीवाणू राहतात आणि त्यांच्यावर आपलं बरंच काही अवलंबून असतं, हे वाचल्यावर तर त्यांनी जीवाणूंचा संसारच मनावर घेतला. मला घसा धरल्यामुळे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. भरमाण्णा पाकीट उलटसुलट बघून म्हणाले, "सर, ही गोळी घशाला हाय का पोटातल्या भाडेकरूंना?"

"कोण भाडेकरू?"

"आत ऱ्हात्यात ते. घर तुमचं असलं म्हणून काय झालं? त्यांस्नी असं एकदम बाहेर काडायचं?"

गोळ्यांचा कोर्स मी पुरा केला. पण पाचही दिवस परसातल्या भिंतीवरून तांब्याभर नाचणीची आंबील आली. भाडेकरूंना.

मी त्यांना एक चांगली सवय लावली, असं मला वाटत होतं. एखादा शोध वाचला की आधी विचारायचं, प्रयोग उंदरांवर झालाय की माणसांवर? उंदरांवरचा असेल तर घाई करायची नाही. हा प्रश्न त्यांना इतका आवडला की त्यांनी तो सगळीकडे वापरायला काढला. गुडघ्याचं तेल विकणाऱ्याला विचारला. ज्योतिषाला विचारला. निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवाराने विकासाचं बोलायला सुरुवात केली, तर त्याला मधेच थांबवून म्हणाले, "हे उंदरावर करून बघितलंय का थेट आमच्यावरच?"

या सगळ्यात गल्लीला खरं कौतुक होतं ते त्यांच्या बायकोचं. गंगाक्का. अण्णा रोज पेपर घेऊन तिच्यासमोर बसत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सांगत. ती तांदूळ निवडत मान हलवायची आणि अधूनमधून "व्हय" म्हणायची. कधी कंटाळा नाही, कधी उलट शब्द नाही. फक्त त्या निपाणीच्या लग्नाच्या दिवशी डब्यात शिळा भात भरताना बघून ती म्हणाली होती, "गरिबीत आमी खाल्लं तवा ते शिळं हुतं. आता शोध झालं व्हय?" एवढं एक सोडलं तर "व्हय"च. माझी बायको मला म्हणायची, "संसार करावा तर असा." मी म्हणायचो, "ऐकून घेणारं माणूस मिळायला नशीब लागतं."

मग प्लास्टिकचा शोध लागला. म्हणजे प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण माणसाच्या रक्तातसुद्धा सापडले, ही बातमी आली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मुलांच्या परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. भिंतीपलीकडून हाक आली, "गंगेऽऽ!"

मला वाटलं, शोध लागला.

पुन्हा हाक. पुन्हा. मी उत्तरपत्रिकेत डोकं खुपसलं. हे मला आजही सांगायला लाज वाटते. पंधराएक मिनिटं तो माणूस ओरडत होता आणि मी, आता कशाचे कण सापडले असतील, याचा विचार करत मार्क देत होतो. मग हाकेचा सूर बदलला. "सर… ओ सर…" तेव्हा उठलो.

त्यांचं दार उघडंच होतं. बाहेरच्या सोप्यात गंगाक्का सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मला बघून हसली.

"या सर, बसा. हे आत कायतरी करायलेत."

तेवढ्यात आतून हाक आली. मोठी, कळवळून मारलेली. गंगाक्काचा हात तांदळातून तसाच फिरत होता. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

मी आत पळालो. माळ्यावरचे प्लास्टिकचे जुने डबे काढायला अण्णा स्टुलावर चढले होते. आता ते खाली, स्टूल त्यांच्यावर, आणि स्टुलावर डबे. घोटा सुजून टम्म झाला होता. माझ्या मागोमाग गंगाक्का आली. तिने अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मी धावत का आलो ते तिला कळलं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून अण्णा घरी आले. गल्लीतले लोक बघायला आले की ते कुणी विचारायच्या आधीच सांगत, "मी हाक मारलीच न्हाय. उगंच कशाला हाक मारू? मग तिला ऐकू कसं येणार?"

हाक अख्ख्या गल्लीने ऐकली होती. पण सगळ्यांनी "बरोबर हाय" म्हटलं.

गंगाक्का मात्र बदलली. देवळात जाणं बंद, नळाला पाणी यायच्या दिवशी बायकांत उभं राहणं बंद. अण्णांच्या खाटेजवळ बसून राहायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. कोणी आलं की आत जायची. आणि "व्हय" म्हणायचंही तिने सोडलं. आपण न ऐकताच "व्हय" म्हणत होतो हे आता सगळ्यांना कळलंय, असं तिला वाटत असावं.

एका संध्याकाळी अण्णांनी मला बोलावून घेतलं. उशीखालून पेपराचं कात्रण काढलं. या वेळी "शोध लागलाय" म्हणाले नाहीत.

"सर, हे वाचा."

ज्यांना ऐकू कमी येतं आणि जे त्यावर काही करत नाहीत, त्यांची स्मरणशक्तीही लवकर मंदावण्याचा धोका असतो, असं त्यात होतं. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, डोक्याचा वापर कमी होतो, वगैरे. मी वाचून कात्रण परत दिलं.

अण्णांनी हळूच विचारलं, "उंदरावर हाय न्हवं?"

इतक्या वर्षांत एखादा शोध खोटा निघावा, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. खोटं बोलायला मलाही आवडलं असतं.

"माणसांवर आहे, अण्णा. पण धोका म्हणजे तसं होतंच असं नाही. आणि वेळेवर कानाचं यंत्र लावलं तर फायदा होतो, असंही म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"तेच शास्त्रज्ञ."

"मग झालं तर."

पण गंगाक्का तयार होईना. "ह्या वयात कानात यंत्र घालून मिरवू व्हय? लोक भैरी म्हणतील." अण्णांनी कागदावर लिहून दाखवलं, हातवारे केले, मुलाला व्हिडिओ कॉलवर रडायला लावलं. ती हटली नाही. शेवटी प्लास्टर निघाल्यावर अण्णांनी काठी टेकत जाहीर केलं, "मग आधी मी तपासून घेतो. मला लावलं तर तूबी लावायचं." तिने थोडा विचार केला आणि मान हलवली.

मी त्या दोघांना रिक्षाने कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेलो. बाई तरुण, हसऱ्या, धारवाडकडच्या. आधी अण्णांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. पण अण्णांनी ती परीक्षा समजली. आवाज येवो न येवो, ते दणादण बटण दाबत सुटले. बाईंनी दार उघडून कानडीत विनवलं, "अज्जा, सुम्मने ओत्तबेडी!" उगीच दाबू नका म्हणून.

"मला समदं ऐकू येतंय," अण्णा म्हणाले.

"अज्जा, मी अजून मशीन चालू केलं नाही."

काचेबाहेर गंगाक्का बसली होती. तिला शब्द ऐकू आले नव्हते, पण नवऱ्याचं तोंड बघूनच सगळं कळलं. कित्येक आठवड्यांनी मी तिला हसताना बघितलं.

दोघांचेही कान मागांच्या खडखडाटानेच नेले होते. अण्णांचे थोडे, गंगाक्काचे बरेच. ती दिवसभर मागाला लागून सुताच्या कांड्या भरत बसायची. बाई म्हणाल्या, हे वर्षानुवर्षं हळूहळू होतं, माणसाच्या लक्षात येत नाही. आमच्या गल्लीत तर सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कोणाला ऐकू येत नाही हे कळायला मार्गच नव्हता.

यंत्रं तयार होऊन आली त्या दिवशीही मी सोबत होतो. ठरल्याप्रमाणे बाईंनी आधी अण्णांना यंत्र लावलं, मग गंगाक्काच्या कानांत दोन्ही यंत्रं नीट बसवली आणि चालू केली. गंगाक्का दचकली. तिने वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बांगड्या हलवून बघितल्या. मग पुन्हा हलवल्या.

"अज्जा, तुम्ही काहीतरी बोला," बाई म्हणाल्या.

जन्मात कधी ज्यांना शब्द कमी पडला नाही, ते भरमाण्णा तोंड उघडून तसेच बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गंगे… जेवलीस का?"

सकाळचे अकरा वाजले होते.

गंगाक्का त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. मग म्हणाली, "आवाज लई म्हातारा झालाय की वं तुमचा."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. मी रिक्षा बोलावली होती, ती यायला वेळ होता. रस्त्यावरून काहीही गेलं की गंगाक्का मान वळवून बघत होती. थोड्या वेळाने तिने अण्णांना विचारलं, "एवढी वर्सं मला काय काय सांगत हुतासा? मी आपली मान हलवत हुते."

मला वाटलं, आता भाताच्या स्टार्चपासून चंद्रावरच्या पाण्यापर्यंत सगळं येणार. मी घड्याळ बघितलं.

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत म्हणाले, "शेवटचा माग मोडीत घातला त्या दिवशी एक सांगितलंतं. टेम्पो गेल्यावर."

"काय सांगितलंतंसा?"

"भ्या वाटतंय म्हटलंतं. आता दिवस कसा काडायचा म्हणून." त्यांनी काठीचं टोक जमिनीवर फिरवलं. "तू मान हलवलीस आणि भाकरी थापाय गेलीस. मला वाटलं, तुला असलं ऐकायचं न्हाय. मग पेपरातलं सांगाय लागलो."

गंगाक्काने पदराने डोळे पुसले.

"मग परत सांगायचं न्हाय व्हय? मोठ्यानं?"

"असलं मोठ्यानं कसं सांगायचं गं?"

रिक्षा येऊन उभी राहिली. चालक हॉर्नला हात घालणार तेवढ्यात मी पुढे झालो आणि त्याला हातानेच, जरा थांब, म्हणून सांगितलं.