इनासकाकांचे गुडघे

काम दिसलं की आमच्या शेजारच्या इनासकाकांचे गुडघे आपोआप वाकत. कामासाठी नव्हे, प्रार्थनेसाठी. विहिरीचा गाळ काढायचा असो की चर्चच्या सणाचा मांडव घालायचा असो, माणसं जमली की काका खिशातून जपमाळ काढत आणि नेमके सगळ्यांच्या वाटेत बसत. डोक्यावर गाळाची पाटी घेतलेल्या बायका त्यांना वळसा घालून जात. "तुमी हात चालवा," काका डोळे मिटूनच सांगत, "वरचं मी बघतो." जणू स्वर्गात त्यांची कचेरीच होती!

डोळेही पुरते मिटत नसत. चहा आला की पहिला पेला त्यांच्याच हातात.

एका वर्षी वादळात नातालमावशीचं छप्पर उडालं. ही आमच्या आळीतली म्हातारी विधवा, मूलबाळ नाही. आम्ही सगळे पेंढा घेऊन धावलो. काका शिडीच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसले. शिडी डुगडुगत होती आणि वर माझा नवरा!

मी ओरडले, "काका, देव कुठं पळून जात नाही. शिडी धरा!"

"विश्वास ठेव, पोरी."

"देवावर आहे. शिडीवर नाही!"

सगळे हसले. काकांनी शिडी काही धरली नाही. रविवारी फादरांनी शेजाऱ्याला हात देण्यावर प्रवचन केलं, तेव्हा सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका आपले कौतुकानं मान डोलावत होते. बोलणं दुसऱ्या कुणाला चाललंय, अशी त्यांची खात्री.

पुढे मावशी अंथरुणाला खिळली. पेज, औषध, धुणं आम्ही बायकांनी वाटून घेतलं. पण तिला भीतीनं घेरलं होतं. "मी एकटीच जानार गं," म्हणून ती रडायची आणि आम्ही पेजेची वाटी पुढे करायचो. दुसरं सुचतच नसे. एका दुपारी काका जपमाळ घेऊन हजर. म्हटलं, झालं, आता इथेही अडचण!

त्यांनी तोंड उघडलं तोच मावशी म्हणाली, "इनास, प्रार्थना म्हनू नको. बोल."

काका तिच्या उशाशी टेकले. मग जपमाळ खिशात गेली.

"कोन्सू पन अशीच भ्यायली असंल," ते म्हणाले. कोन्सू त्यांची बायको. मी लग्न होऊन इथे यायच्या आधीच गेलेली. "घरी तापानं फनफनत होती. मी गावाच्या कामाला गेलेलो. तवा कोनी हाक मारली की मी पुढं. परत आलो तर सगळं संपलेलं. जवळ बसून देवाचं नाव घ्यायला कोनी नव्हतं. मग ठरवलं, आता नुसतं बसायचं."

"मग बस," मावशीनं हात पुढे केला.

काकांनी तो धरला. कोन्सू मासळी कशी करपवायची, राजोडी गावात एका लग्नात नाचताना तिचा चुडा कसा फुटला, असलं काहीबाही ते सांगत राहिले. मावशी एकदा हसलीसुद्धा. मग तिचा डोळा लागला.

काका हलकेच उठले. "पोरी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हिची घागर कुठं असते? ही जागी होईस्तोवर पानी आनतो."

मी घागर दिली. येताना अर्धं पाणी त्यांनी अंगणातच सांडलं. मी पुढे होऊन घागर उतरवून घेतली.