म्हशीच्या आडून रोहित

सांगून ठेवतो, पाणथळीतल्या पक्ष्यांचे फोटो काढायला महागडी लेन्स लागत नाही. डोकं लागतं! आणि सुप्याच्या आमच्या कंपनीत ते फक्त माझ्याकडे आहे, हे मी कँटीनमध्ये जाहीरच केलं होतं. बाकीचे हौशी लोक बिचारे चिखलात पालथे पडून, टोपीत पाला खोचून रोहित पक्ष्यांची वाट बघतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हो! गुलाबी, लांब पायांचे, आणि माणूस दिसला की लांबूनच उडणारे. पण म्हैस दिसली तर? ढिम्म हलत नाहीत! हे मी सासुरवाडीला, जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा योजना सोपी. म्हशीच्या आडून फोटो काढायचा.

"बिजलीला सकाळपुरतं नेऊ का?" मी सासूबाईंना विचारलं.

लंकाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धार काढता काढता थांबल्या. "जावईबापू, लोकांचे जावई गाडी मागत्यात, अंगठी मागत्यात. तुमी म्हैस मागताय?"

"फक्त आडोशाला!"

"न्या. पन तिचं रेडकू हितं बांधलेलं हाय. सांजच्या धारंला म्हैस दारात पायजे. हातानं दूध पाजून वाढवलीय मी तिला. अश्विनीचे सुदिक एवढे लाड न्हाई केले."

"ते मात्र खरं!" आमची ही, म्हणजे अश्विनी, घरातून ओरडली.

काठावर पोचलो आणि काय सांगू, समोर रोहितांचा थवाच्या थवा! मी बिजलीला आडवी उभी केली, तिच्या पोटाशी बसलो, कॅमेऱ्यावर आणि हातावर हिरवा-खाकी रुमाल पांघरला. श्वाससुद्धा हळू घेत होतो. बिजली रवंथ करत होती, तिच्यापुढे माझी शांतता काहीच नव्हती.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उकिडवं बसलं. पांढरी दाढी, गळ्यात उपरणं.

"म्या गनीभाई. घोडेगावचा," तो माणूस हळूच म्हणाला. मी कुजबुजण्याआधीच हा कुजबुजला! पक्षीप्रेमी असणार, दुसरं कोण? मला भरून आलं.

"लई देखनं रूप हाय," तो म्हणाला.

"कच्छहून!" मी डोळा कॅमेऱ्याला लावूनच पुटपुटलो.

"व्हय? वाटलंच मला! शिंगांवरनं."

रोहिताला शिंगं? म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. इतक्यात त्यानं माझ्या रुमालाखाली हात घातला आणि माझी दोन बोटं धरली. लेन्स हलेल म्हणून मी बोटं सोडवून घेतली. त्यानं तीन धरली. मी तीही सोडवली. तो हसला, दाढी कुरवाळली आणि चार धरली. किती प्रेमळ माणसं आपल्या जिल्ह्यात! आणि नेमका त्याच क्षणी अख्ख्या थव्यानं एकदम माना वर केल्या. असं दृश्य! मला राहवलंच नाही. मी आनंदानं गनीभाईचा अख्खा पंजा घट्ट दाबला.

"जबान दिली?" तो म्हणाला.

"दिली, दिली!" मी म्हणालो. गप्प बसण्याचीच जबान मागत होता ना! "बाकीचं बाजारात," असं काहीसं पुटपुटत त्यानं माझ्या पिशवीत काहीतरी सरकवलं. मी कशाला बघतोय?

मग बिजली चालू लागली. गनीभाईनं तिचा कासरा धरला होता. मला वाटलं, मला पक्ष्यांच्या जवळ नेतोय! मी कमरेत वाकून तिच्या आडोशानं निघालो. ती चार पावलं, मी चार पावलं. क्लिक! ती थांबली की मी थांबलो. क्लिक! क्लिक! असे फोटो आमच्या कंपनीत कुणाच्या बापानं काढले नव्हते.

काठ संपला, रस्ता आला. रस्त्यावर टेम्पो. फळी लावली गेली, बिजली वर चढली. आणि मी? मी मागून तिला ढकलायला मदत केली! हो, केली! मला वाटलं, वयस्कर माणूस, म्हशीला पायी कशाला चालवायचं, घरी सोडत असेल.

"आभारी आहे हं, गनीभाई!" मी हात हलवून म्हणालो. टेम्पो घराच्या उलट्या दिशेला वळला.

घरी आलो तर रेडकू हंबरत होतं. सासूबाईंनी माझ्यामागे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"बिजली कुठाय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझी पिशवी उलटी केली. आतून इसाराची, म्हणजे सौदा पक्का केल्याच्या आगाऊ पैशांची, नोट पडली.

"त्यानं बोटं धरली हुती?"

"हो."

"रुमालाखाली?"

"हो. पण अहो, प्रेमानं..."

"आवो, तो यापारी! जनावराचा भाव असाच करत्यात, बोटांवर! तुमी माझी बिजली इकून आलात!" आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या क्षणी त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. घोडेगावच्या बाजारापर्यंत त्यांनी माझ्या पाठीला एवढे चिमटे काढले की मी सिग्नल न देता टेम्पोंना ओव्हरटेक केलं.

गनीभाई सापडला. बिजलीसुद्धा, गिऱ्हाइकांच्या गराड्यात, झेंडूची माळ घालून.

"मावशी, मानूस चुकला आसंल, पन जबान चुकत न्हाई," गनीभाई हळहळून म्हणाला. "रुमालाखालचा सौदा म्या आजवर मोडला न्हाई."

"मोडू नगा. दुसरा करा." सासूबाईंनी माझा रुमाल ओढून स्वतःच्या हातावर टाकला. "घाला हात!"

"बायामानसांसंगं?"

"कापूस येचलेला हात हाय, इरघळनार न्हाई. घाला!"

बाजार भोवती गोळा झाला. रुमालाखाली काय चाललं होतं, देव जाणे! गनीभाईच्या कपाळावर घाम. सासूबाईंचा चेहरा दगडासारखा. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा गनीभाईनंही माझ्याकडे पाहिलं, अगदी दात मोजल्यासारखं. मग दोघं हसले. गनीभाईनं इसाराची नोट परत घेतली आणि कासरा सासूबाईंच्या हातात दिला. बिजलीनं त्यांचा पदर चाटला, त्यांनी तिच्या गळ्यात हात टाकला, आणि बाजारभर लोक "वा मावशी!" म्हणून ओरडले. मीसुद्धा ओरडलो!

"काय दिलं हो बदल्यात?" परत निघताना मी विचारलं.

"तुमाला," त्या म्हणाल्या.

खोटं नाही. ठरलं असं, की बाजाराच्या दिवशी मी सुट्टी टाकून गनीभाईच्या जनावरांचे फोटो काढायचे. त्याला ते मोबाईलवर गिऱ्हाइकांना पाठवायचे असतात. एक समोरून, एक बाजूनं, एक कासेचा. अख्खा हंगाम!

आता मला ते बऱ्यापैकी जमतं. परवाच्या बाजारी एक झकास मुऱ्हा म्हैस उभी होती. ऊन छान, मी नेम धरलेला. तेवढ्यात हौदाच्या सांडपाण्यात एक शेकाट्या उतरला! काड्यांसारखे लालगुलाबी पाय, काळे पंख. चालत चालत थेट कॅमेऱ्यासमोर आला, इतका जवळ, की त्याचा लाल डोळासुद्धा दिसत होता. असा फोटो मिळावा म्हणून लोक जन्म घालवतात!

"सायेब, हाकला त्याला!" गनीभाई ओरडला. "म्हशीचे पाय झाकले!"

आणि मी टाळ्या वाजवून त्याला हाकललं. म्हशीचा फोटो मात्र फार सुरेख आला हो!