सगुणाक्काचा अर्ज

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला अस्वलाने रंगाचा कारखाना काढला होता. खालच्या अंगाला जांभळाखाली सगुणाक्का नावाचं गांडूळ राहायचं.

मातीची चव बिघडली तशी आक्काची भावंडं एकेक करून गेली. आक्का तेवढी उरली. आणि तिने नुकतीच अंडी घातली होती! गांडुळाला हात नसतात, अंडी उचलून न्यायची सोय नाही. आता माती सुधारली तरच पिल्लं जगणार होती.

जंगलात मृदा-सुधार संशोधन केंद्र होतं. तिथे डॉक्टर साळिंदर मोठे इंजिनिअर. त्यांनी एक सुई बनवली होती. जमिनीत खुपसायची, विष असलं की ती लाल व्हायची. फार हुशार सुई!

आक्का तीन दिवस सरपटत केंद्रावर पोचली.

"सायेब, माती नासलीया. अंडी फुटायच्या आत कायतरी करा."

साहेब भले होते. लगेच निघाले. आक्काला ओल्या पानावर बसवून सोबत घेतलं. जांभळाखाली सुई खुपसली. सुई लालभडक झाली.

"बगा! म्या म्हनलं नव्हतं?" आक्का आनंदाने वळवळली.

"थांबा आक्का. नियमाप्रमाणे खात्री करावी लागते." साहेबांनी जाड पुस्तक उघडलं. "जिथे जिवंत गांडूळ आढळेल, ती माती निरोगी समजावी."

त्यांनी चष्मा पुसून इकडेतिकडे पाहिलं. मग पानावर पाहिलं.

"आक्का, तुम्ही जिवंत आहात ना?"

"हाय की. आजच्या दिवस तरी."

"मग झालं तर! अभिनंदन!"

"अवो सायेब, पर सुई लाल झाली की!"

"सुई दुरुस्तीला पाठवू. तिच्यापेक्षा तुमच्यावर आमचा विश्वास जास्त."

केंद्राने आक्काचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शालीखाली आक्का सापडेना. मोठी शोधाशोध झाली. सगळे पोट धरून हसले, अस्वल तर सर्वांत जास्त. आक्काला मात्र रडू कोसळलं. गांडुळाला डोळे नसतात, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर साहेब नवी सुई घेऊन पुन्हा आले. नवी सुईही लाल झाली. जांभळाखाली त्यांनी हातभर खणून पाहिलं. आक्का नाही, पिल्लू नाही, फुटलेलं अंडंसुद्धा नाही.

साहेबांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. नाक पुसून त्यांनी अहवाल लिहिला: 'माती सदोष असल्याचा संशय. परंतु तक्रार करणारे कुणीही उरलेले नाही. सबब, तक्रार निकाली.'

तात्पर्य: बाळांनो, विषाची तक्रार करायची असेल तर आधी मरावं, मग अर्ज घेऊन जावं. जिवंतपणी गेलात, तर शाल मिळते.