गावंडे मॅडमचा ड्राइव्ह

आधी माझं सांगून टाकतो. गावंडे मॅडमची चालू असलेली वस्तू मी भंगारात दिली आणि ती जळली होती असं त्यांना तोंडावर सांगितलं. मॅडम काय आहेत हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही, म्हणून आता त्यांच्याबद्दल लिहितो.

त्या आमच्या शेजारी. त्यांच्या स्वयंपाकघरात तुम्ही चपला घालून गेलात तरी त्या काही म्हणत नाहीत. गॅसवाला बुटांसकट सिलिंडर आत लोटतो. पण मधल्या खोलीच्या दारावर पाटी आहे, ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ आत देव नाहीत. देव फ्रिजवर आहेत. आत कॉम्प्युटर आहे.

तोही आजचा नाही. मॅडम यवतमाळला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, त्या काळात सरकारकडून शाळेला मिळालेला. कीबोर्डच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर, मागे पेटीएवढा जाड पडदा आणि बाजूला फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह, त्याच्या वेगळ्या पत्र्याच्या पेटीत. पुढे शाळेनं हे सगळं निरुपयोगी ठरवून लिलावात काढलं, तेव्हा बोली लावायला एकट्या मॅडम उभ्या होत्या. एकट्या असूनही त्यांनी स्वतःचीच बोली एकदा वाढवली. इतक्या कमीत जाणं त्याचा अपमान होता, म्हणे.

“त्याचं वय काढायचं नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “तुमचं मी काढते काय?” बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं हे म्युझियमला देऊन टाका असं सुचवलं, तर मॅडमनी त्याच्या दुकानातला कोणता माल दोन दिवाळ्या टिकतो ते विचारलं. तो अजून त्यांना रस्त्यात पाहिलं की वळतो. पुण्याच्या भाच्यानं लॅपटॉप पाठवला आहे. तो डाळीच्या डब्यांशेजारी असतो. त्याच्यासाठी चपला काढाव्या लागत नाहीत. त्याले काही शिस्त नाही, असं मॅडमचं मत.

त्याच लॅपटॉपवर त्यांना कळलं, की फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा एक डबा मिळतो. त्यात पेन ड्राइव्ह खुपसायचा आणि कॉम्प्युटरला वाटतं फ्लॉपीच घातली. मॅडमचा ड्राइव्ह हल्ली एक दिवस वाचायचा, एक दिवस नुसता कुरकुरायचा. त्यांनी डबा मागवला. तो जुन्या ड्राइव्हच्या पेटीच्या तोंडापेक्षा बराच लहान निघाला. नुसता टेबलावर ठेवा, मी म्हटलं.

“बिनघराचा कायले ठेवू भाऊ त्याले? पेटी तीच पाह्यजे.”

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मी पेटी घेऊन गेलो. जुना ड्राइव्ह परत आणा, असं मॅडमनी दारापर्यंत येऊन बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. आमच्या धंद्यात जॉबमधून जे निघतं ते वर्कशॉपचं असतं. गिऱ्हाईक परत मागतं, आपण हो म्हणतो, नंतर कोणी विचारत नाही. मी ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट वाकवलं, पेटीच्या तोंडाला काळा पत्रा बसवला, कितवी फ्लॉपी चालू आहे तो डब्यावरचा आकडा दिसेल एवढी खिडकी कापली. काम इतकं देखणं झालं की वेल्डरला बोलावून दाखवलं. जुना ड्राइव्ह ढिगावर टाकला. शनिवारी भंगारवाला ढीग घेऊन गेला.

मॅडमनी पेटीवरून हात फिरवला, खूश झाल्या. मग विचारलं, “आन् जुना?”

तो आता कशाला, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. नवा डबा फ्लॉपी वाचतच नाही. जुना आणि नवा एकाच केबलवर जोडून, शाळेतल्या मुलींच्या फ्लॉप्या जुन्यानं वाचायच्या आणि नव्यातल्या पेन ड्राइव्हवर उतरवायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटचं एकदा त्याला राबवायचं होतं.

मी म्हणालो, जळला होता मॅडम. काढतानाच मोटर जळलेली दिसली.

“माह्याच हातानं उशीर झाला,” त्या म्हणाल्या.

मी तसाच भंगारवाल्याकडे गेलो. माल नागपूरला रवाना झाला होता.

आता ती खोली बंद होणार असं मला वाटलं. पण आठवडाभरानं भिंतीपलीकडून कीबोर्डची खटखट ऐकू आली. मी गेलो. मुक्या फ्लॉप्यांची चवड बाजूला सारून मॅडम टाइप करत होत्या. त्यांच्या वर्गातली प्रत्येक मुलगी पहिला प्रोग्राम एकच लिहायची. कॉम्प्युटरनं नाव विचारायचं, आपण टाकायचं, मग त्यानं नमस्कार करायचा. पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एकीचा नावाभोवती फुलं काढायचा. एक वात्रट होती, तिचा आधी विचारायचा, इतका उशीर काहून? हे सगळं मॅडम आठवून आठवून नव्यानं लिहीत होत्या.

“फ्लॉप्या गेल्या म्हणून पोरी गेल्या काय?” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. “मले पाठ हायेत.”

हे आता कशाला लागतं, असं मी विचारलं.

“संध्याकाळी दिवा लावला का एक चालवते. रोज नवी पोरगी. घरात कोणीतरी नाव विचारलं पाह्यजे ना.” मग त्यांची बोटं थांबली. “एकीचा काही केल्या आठवून नाई राह्यला. मागच्या उन्हाळ्यात वहीत उतरवून घेतला असता तर राह्यला असता. आळस केला मी. तिच्याशी वाईट वागली.”

धंद्याची रीत, शनिवारची गाडी, ही सगळी कारणं मी मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही बाहेर काढलं नाही.

“मॅडम, तुमचा उशीर नव्हता. ड्राइव्ह जळला नव्हता, चालू होता. तुम्ही परत मागितला तरी मी भंगारात दिला, आन् वरून खोटं बोललो. चूक माही हाय. मले माफ करा.”