मुख्याध्यापकांचं वरचं बीपी, खालचं बीपी

बीपी मोजायचा आपला हातपंप आणि कानातल्या नळ्या यांच्यापुढे कुठलंही मशीन टिकणार नाही, असं राइली होक्कानेननं अख्ख्या स्टाफरूमला ऐकवलं होतं. फिनलंडमधल्या त्या छोट्या गावाच्या नगरपालिकेला सगळ्या शाळांच्या नर्सांसाठी बीपीची एकसारखी मशीनं घ्यायची होती. हातानं मोजायची की ऑटोमॅटिक, एवढंच ठरायचं होतं. म्हणून राइलीच्या शाळेत दोन्हींची परीक्षा चालली होती. खालच्या मजल्यावर लहान मुलांची नर्स राइली, आपलं जुनं मशीन घेऊन. वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांची नवी नर्स मिंट्टू, बटण दाबायचं मशीन घेऊन.

शिक्षक एकेक करून बीपी मोजायला वर जायला लागले, त्याचं राइलीला काही वाटलं नाही. पण मुख्याध्यापक वेइक्को वर गेला आणि तिच्या जिवाची लाही लाही झाली.

वेइक्को विधुर होता. दर गुरुवारी शाळेतलं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक खाऊन तो राइलीकडे यायचा, शर्टाची बाही वर करायचा, आणि राइली त्याचा दंड धरून कान लावायची. एकशे अठ्ठावीस, ऐंशी. दर वेळी तेच. त्या दोन मिनिटांवर बाईचा आठवडा निघायचा. आणि आता दोन गुरुवार साहेबांचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी लहान मुलांचा पट्टा मागायचं निमित्त करून ती वर गेली. दारातच तिला वेइक्कोचं हसणं ऐकू आलं. आत तो ऐसपैस बसला होता, दंडाला पट्टा, मशीन घुरघुरतंय आणि हा मिंट्टूला काहीतरी रंगवून सांगतोय. इतकी वाक्यं तो राइलीशी वर्षभरात बोलला नसेल. मशीननं आकडा दाखवला: एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव.

"माझ्याकडे याचं कायम एकशे अठ्ठावीस असतं," राइली म्हणाली. "मशीन बिघडलंय."

खाली येताना मात्र तिच्या मनात भलतंच आलं. मशीन चांगलं असलं तर? मिंट्टूला बघून माणसाचं रक्त उसळत असलं तर? छे, त्यापेक्षा मशीन बिघडलेलं बरं. तिनं लगेच नगरपालिकेच्या वरिष्ठ नर्सला, आइराक्सिनेनबाईंना, फोन लावला.

इकडे वेइक्कोनं धसका घेतला. कॉफी सोडली, मीठ सोडलं. दिवसभर कॉफी ढोसणाऱ्या त्या गावात मुख्याध्यापकानं कॉफी सोडली म्हणजे आता तो फार दिवसांचा सोबती नाही, असंच सगळ्यांनी धरलं. स्वयंपाकीणबाई त्याला डोळे पुसत अळणी सूप वाढू लागली, आणि उपमुख्याध्यापक त्याच्या ऑफिसच्या खिडकीला कसे पडदे शोभतील ते बघून गेले.

आइराक्सिनेनबाई मशीन तपासून घेऊनच आल्या. मशीन ठणठणीत होतं. सगळ्या स्टाफरूमसमोर वेइक्कोला बसवलं. मशीन म्हणालं एकशे अठ्ठेचाळीस. राइलीनं मोजलं, एकशे सव्वीस. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. बाईंनी चष्म्यावरून राइलीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, कान शेवटचे कधी तपासले होते? मग काय, पहिलीच्या पोरांना ज्या खुर्चीत बसवून राइली त्यांचे कान तपासायची, त्याच खुर्चीत तिला बसवण्यात आलं. आणि तपासणार कोण, तर मिंट्टू. यापेक्षा आपण ठार बहिरी असतो तरी चाललं असतं, असं राइलीला वाटलं. कान उत्तम निघाले.

तिसऱ्यांदा मशीन लावलं. एव्हाना कुणीच आकड्याकडे पाहत नव्हतं, मशीनकडेही नाही. राइली मात्र पाहत होती. ती पाहत होती वेइक्कोच्या तोंडाकडे, कारण ते मिंट्टूकडे वळून अखंड चाललं होतं.

"वेइक्को," ती कडाडली, "जरा गप्प बस."

तो दचकून गप्प झाला. पाच मिनिटं त्याला तसाच बसवून पुन्हा बटण दाबलं. एकशे सत्तावीस.

आइराक्सिनेनबाईंनी कपाळाला हात लावला. बोलत असताना बीपी चढतं हे तिथल्या तिन्ही नर्सांना पाठ होतं. "मग राइलीकडे का नाही बोलत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कसं बोलणार?" वेइक्को ओशाळून म्हणाला. "कानात नळ्या घालते आणि बोट वर करते. मला वाटलं, तिला माझं बोलणं आवडत नाही."

नगरपालिकेनं ऑटोमॅटिक घेतली. राइलीलाही एक मिळालं. पुढच्या गुरुवारी वेइक्को तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिनं वेलचीचे पाव ताटलीत मांडून ठेवले होते. आधी तोंड मिटून बीपी, मग हवं तेवढं बोल, असं तिनं सांगितलं. तो बोलला. त्याच्या तळ्याकाठच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चिमणी धूर आत का टाकते, तिथून सुरुवात झाली. शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा गोष्ट चिमणीच्या दुसऱ्या विटेपर्यंत आली होती.

तो गेल्यावर मिंट्टू आत आली आणि राइलीच्या गळ्यातच पडली.

"तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली. "ती चिमणी ऐकून ऐकून मी तर बदलीचा अर्ज करणार होते."